बालवाडीचा उरलेला अर्धा दिवस

(तालुक्याच्या एका गावी पालक व कामकरी स्त्रियांच्या सभेत एका निवृत्त शिक्षिकेने केलेले भाषण)



मला सभेत बोलण्याची सवय नाही. चौतीस वर्षे मी तिसरी-चौथीच्या मुलांपुढे बोलत आले. त्या श्रोत्यांचा एक गुण असा की, कंटाळा आला म्हणजे ते सरळ खिडकीबाहेर पाहू लागतात. तुम्ही मोठी माणसे भिडेखातर तसे करणार नाही, तेव्हा वेळेचे भान मलाच ठेवले पाहिजे.

प्रश्न आपणां सर्वांस ठाऊकच आहे. नगरपालिकेच्या बालवाड्या सकाळी दहाला उघडतात व दुपारी एकला त्यांस कुलूप लागते. त्या सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत चालाव्यात, मुलांस तेथेच जेवण व दुपारची झोप मिळावी, अशी मागणी कामावर जाणाऱ्या बायांनी केली. त्यावर उत्तर आले की, तिजोरीत पैसा नाही. पाणीपुरवठ्याचे वीजबिल थकले आहे, ठेकेदारांची देणी आहेत, आहे ती बालवाडी चालते हेच पुष्कळ. ‘पैसा नाही’ हे शब्द कानी पडताच लबाडी, लबाडी म्हणून ओरडणाऱ्यांपैकी मी नाही. वीजबिल खरोखरच थकले आहे. घरपट्टी भरण्यात आपण किती तत्पर असतो, हेही ज्याने त्याने आपल्या मनाशी विचारावे. म्हणून पैसा नाही हे धरूनच मी बोलणार आहे.

हा वाद केवळ आपल्याच गावचा आहे असे समजू नका. ज्या देशात पैशाचा पूर आहे असे आपण समजतो, त्या अमेरिकेतही हाच तंटा गावोगाव झाला आहे. तेथे ईशान्येकडे न्यू हॅम्पशायर नावाचे एक लहानसे राज्य आहे. तेथील लोकांना कराचा इतका तिटकारा की, त्या राज्यात पगारावर राज्याचा आयकर नाही आणि सर्वसाधारण विक्रीकरही नाही. मग शाळा कशावर चालतात? बहुतांशी घरादाराच्या पट्टीवर. मार्च महिन्यात गावोगाव मतदार जमतात आणि शाळेच्या खर्चाला हो की ना ते स्वतः हात वर करून किंवा चिठ्ठी टाकून सांगतात. ज्या म्हाताऱ्याचे घर मोठे पण उत्पन्न म्हणजे नुसते पेन्शन, तो उठून म्हणतो, ‘माझी मुले केव्हाच मोठी झाली, आणखी पट्टी मी कोठून भरू?’ त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. पट्टी घरावर बसते, घरातल्या मिळकतीवर बसत नाही.

त्या राज्याचा एक नियम मात्र मला फार बोचला. पाच वर्षांच्या मुलांच्या बालवर्गाला राज्य सरकार जी मदत देई, ती इतर इयत्तांच्या निम्मी असे. बालवर्ग अर्ध्या दिवसाचा, म्हणून मूलही अर्धेच मोजावयाचे! गावाने शाळा पूर्ण दिवस चालविली तरी सरकारच्या वहीत ते मूल अर्धेच राही व उरलेल्या अर्ध्याचा भार गावाच्या घरपट्टीवर पडे. काही गावांनी तो उचलला. इतर गावांनी खालमानेने अर्धा दिवस पत्करला. शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात काही गावांनी दुसरी युक्ती काढली : अर्धा दिवस फुकट, उरलेल्या अर्ध्यास फी. आपल्याकडेही परवा एका सभासदांनी हीच सूचना केली, म्हणून ती सांगितली. ज्या बाईला दुपारी मूल घ्यावयास येणे सर्वांत कठीण, तीच फी भरण्यास सर्वांत असमर्थ, एवढी साधी गोष्ट त्या सूचनेत सुटली आहे.

पुढे न्यू हॅम्पशायरने काय केले ते ऐकण्यासारखे आहे. २०१७ साली त्या राज्याने कायदा करून ‘कीनो’ नावाचा आकड्यांचा जुगार दारूच्या गुत्त्यांत व खानावळींत खेळण्यास परवानगी दिली आणि त्या आधारावर पूर्ण दिवसाच्या बालवर्गातील दर मुलामागे ११०० डॉलर जादा देऊ केले. जुगार आपल्या हद्दीत येऊ द्यावा की नाही हे मात्र ज्या त्या गावाने मत देऊन ठरवावयाचे. मँचेस्टर व नॅशुआ या शहरांनी त्याच साली होकार दिला, कॉन्कॉर्ड या राजधानीने नकार दिला. पाच वर्षांच्या पोराची शाळा चालावी म्हणून त्याच्या बापाने गुत्त्यात बसून आकडे लावावेत, असा हा कारभार!

पण हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. १९१९ च्या सुधारणांनंतर मुंबई इलाख्यात शिक्षण व अबकारी ही दोन्ही खाती मंत्र्यांच्या हाती आली, तेव्हा दारू बंद करावी तर शाळांना पैसा कोठून आणावा, हा पेच आपल्याच लोकांपुढे पडला होता. १९३७ साली काँग्रेसची मंत्रिमंडळे आली तेव्हाही तो सुटला नव्हता. गरिबाच्या मुलाचे शिक्षण नेहमी कोणत्या तरी बाजूच्या, लाजिरवाण्या उत्पन्नावर टांगून ठेवावयाचे आणि साहेबांच्या मोटारी मुख्य अंदाजपत्रकातून घ्यावयाच्या, ही रीत दोन्ही खंडांत सारखीच दिसते. न्यू हॅम्पशायरला निदान पुढे शहाणपण सुचले. २०१९ च्या अंदाजपत्रकात पूर्ण दिवस शिकणारे मूल त्यांनी पूर्ण मोजण्याचे ठरविले.

आता मी अडचणीच्या भागाकडे येते. पूर्ण दिवसाची बाजू मांडणारे पुष्कळ वेळा सांगतात की, मुले जास्त वेळ बसली म्हणजे जास्त हुशार होतील. असे आश्वासन मी तुम्हांला देणार नाही. १९९८-९९ साली अमेरिकेत बालवर्गात आलेल्या हजारो मुलांचा माग पुढे कित्येक वर्षे ठेवण्यात आला. पूर्ण दिवसाची मुले वर्षाअखेर वाचनात व अंकज्ञानात थोडी पुढे होती, हे खरे. पण तिसरीपर्यंत तो फरक जवळजवळ विरून गेला. ज्या बालवाडीचे नाव सारे जग घेते ती मिशिगनमधील इप्सिलँटी गावची. तेथील पेरी शाळेत १९६२ ते १९६७ या काळात गरीब काळ्या मुलांसाठी ती चालली आणि चाळीस वर्षांच्या वयापर्यंत त्या मुलांचा मागोवा घेतला गेला. शिक्षण, कमाई, तुरुंगापासून दूर राहणे, सर्व बाबतींत ती मुले आपल्या जोडीच्या इतर मुलांपेक्षा सरस निघाली. ती बालवाडी किती तास होती? रोज सकाळी अडीच तास! पण तेथे पाचसहा मुलांमागे एक शिकलेली बाई होती, आणि ती दर आठवड्यास मुलाच्या घरी जाऊन आईजवळ बसत असे. आपल्याकडे एका सेविकेकडे चाळीस मुले, शिवाय खिचडीचा हिशेब, वजनाचा तक्ता आणि मोबाईलवर भरावयाची माहिती. अशा खोलीत दिवसाचे दहा तास मुले कोंडली तर ती शिकतील त्यापेक्षा रडतील अधिक.

कोणी विचारील, मग बाई, तुम्ही पूर्ण दिवस मागता कशासाठी?

त्याचे उत्तर मला अमेरिकेत सापडले नाही, माझ्याच हजेरीपटात सापडले. पुष्कळ वर्षांमागची गोष्ट. माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी होती. नाव सांगत नाही, कारण ती याच गावात आहे. हुशार म्हणावी अशी. तिचा तीन वर्षांचा भाऊ आमच्याच आवारातील बालवाडीत येई. आई कांद्याच्या खळ्यावर निवडणीला जाई. सकाळी सातला टेंपो, संध्याकाळी सहाला परत. शाळा पाचपर्यंत, बालवाडी एकपर्यंत. एक वाजला की ही मुलगी पाटी आवरून उठे आणि भावाचा हात धरून घरी जाई. मी दोनदा रागावले. तिसऱ्यांदा ती त्याला घेऊनच मधल्या सुट्टीनंतर वर्गात येऊन बसली. तो रडू लागला, इतर मुले हसू लागली. मी म्हणाले, ‘पोराला घेऊन वर्गात बसायचं नाही.’ नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. ती खाली मान घालून, ‘बरं बाई’ म्हणाली आणि गेली. गणिताचा तास मी मधल्या सुट्टीनंतर घेत असे. वर्षभर तिला भागाकार मिळाला नाही. चौथीत ती मागे पडली, पाचवीत तिने शाळा सोडली.

मी त्या वर्षी हजेरीपटावर रोज दुपारी तिच्या नावापुढे गैरहजेरीची खूण करीत होते आणि ते माझे कर्तव्य समजत होते. बालवाडी एकला बंद होते याची किंमत रोज ही पोर भरते आहे, हे मला सुचले नाही. भरीला तिच्या आईला निरोपही धाडला की, मुलीकडे लक्ष द्या. आई काय लक्ष देणार? ती खळ्यावर होती.

म्हणून मी म्हणते, अर्ध्या दिवसाची बालवाडी स्वस्त असते हे खरे नाही. तिचा उरलेला अर्धा खर्च कोणाला तरी भरावाच लागतो. जेथे आई घरी असते तेथे आई भरते. सुनेच्या हाताखाली सासू असेल तर सासू भरते. नोकरी करणारी शिकलेली बाई पाळणाघराला पैसे मोजून भरते. आणि जेथे यातले काहीच नाही तेथे घरातील आठ-दहा वर्षांची मुलगी भरते. तिला मत नाही, ती सभेत येत नाही, ती घरपट्टी भरीत नाही. म्हणून अंदाजपत्रकाच्या कोणत्याही रकान्यात ती दिसत नाही. नगरपालिकेची शिल्लक म्हणून जी रक्कम दाखविली जाते, तिच्यातला काही भाग त्या मुलीच्या बुडालेल्या गणिताचा आहे.

हे पूर्वीच्या कोणाच्याच ध्यानी आले नव्हते असे नाही. ताराबाई मोडक १९४५ साली मुंबईची शाळा मागे ठेवून बोर्डीला गेल्या आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत काम करू लागल्या. मोठी पोर शाळेत का येत नाही याचा शोध घेतला तेव्हा तिच्या कडेवरचे मूल त्यांना दिसले. सबब पाळणाघर, बालवाडी व शाळा त्यांनी एकमेकांस लागून ठेवली. गिरणीकामगार बायांच्या बाबतीतही १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया जेथे काम करीत तेथे पाळणाघर सक्तीचे केले. पण खळे हा कारखाना नव्हे, आणि धुणीभांडी करणाऱ्या बाईचा मालक म्हणजे पाच घरे. कायद्याचा हात तिच्यापर्यंत पोहोचत नाही. आपली नगरपालिकाच पाहा. पहाटे साडेपाचला तिच्या झाडूवाल्या बाया रस्त्यावर असतात. दहाला उघडणारी बालवाडी त्यांच्या काय कामाची? ज्या संस्थेची बालवाडी तिच्या स्वतःच्या झाडूवालीला वापरता येत नाही, तिने ती नेमकी कोणासाठी काढली आहे, हे एकदा सांगावे.

पैशाची गोष्ट मी टाळणार नाही असे म्हटले होते. कॅनडात क्यूबेक प्रांताने १९९६ साली कायदा केला की, सरकारची तूट शून्यावर आणावयाची. आणि लगेच १९९७ च्या सप्टेंबरात पाच वर्षांच्या मुलांचा बालवर्ग पूर्ण दिवसाचा केला व चार वर्षांच्या मुलांपासून सुरुवात करून दिवसाला पाच डॉलरांत पाळणाघर देऊ केले. हात आखडता असतानाच हे केले, हे लक्षात ठेवा. पुढे तेथील अर्थशास्त्र्यांनी हिशेब मांडला की, २००८ साली या योजनेमुळे सुमारे ७०,००० अधिक बाया कामावर होत्या, आणि त्यांच्या कमाईवरील करातून सरकारांच्या तिजोरीत घातल्यापेक्षा अधिक परत आले. याच योजनेवर दुसऱ्या पंडितांनी टीकाही केली : घाईने काढलेल्या पाळणाघरांत मुले चिडखोर व भेदरट झाल्याचे त्यांना आढळले. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. आईला दिलासा देणारी खोली मुलालाही सुखाची असेलच असे नाही. ती तशी करावी लागते, आणि त्याला माणसे लागतात.

शिवाय क्यूबेक हा प्रांत होता. त्याला कर परत मिळाला. आपली बाई कामावर गेली, चार पैसे मिळवून साबण-तेल घेतले, तर त्यावरील कर मुंबई-दिल्लीला जातो. खर्च गावाचा आणि वसुली वरच्या तिजोरीची, असा हा व्यवहार आहे. म्हणून सारा भार नगरपालिकेने एकटीने उचलावा असे मी म्हणत नाही. २०२२ साली केंद्र सरकारने ‘पाळणा’ नावाची योजना आखली आहे : सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या पंचवीस मुलांमागे एक घर, महिन्याचे सव्वीस दिवस, दिवसाला साडेसात तास. तिचे मानधन तुटपुंजे आहे आणि साडेसात तासांत खळ्यावरची बाई परत येत नाही. तरी दारात आलेले पैसे तरी घ्यावेत! त्यासाठी आपल्या नगरपालिकेने साधा अर्जही केलेला नाही, असे मला तेथील कारकुनाने सांगितले. वरची तूट नगरपालिकेने घालावी. महिला व बालकल्याणासाठी जी रक्कम दर वर्षी राखून ठेवावी लागते, तिच्यातून शिलाईयंत्रे वाटण्याचा समारंभ होतो, फोटो निघतात. ज्या बाईला दुपारी मूल ठेवावयास जागा नाही ती ते यंत्र केव्हा चालविणार?

आणि खर्च दुप्पट होतो हेही खरे नाही. इमारत आहे, भिंती आहेत, नळ आहे. एक वाजता त्या सर्वांना कुलूप लागते एवढेच. वाढावयाची ती माणसे, जेवण आणि सतरंज्या. माणसांच्या बाबतीत मात्र काटकसर नको. आहे त्याच सेविकेला ‘आता पाचपर्यंत बस’ म्हणून सांगावयाचे आणि मानधन तेवढेच ठेवावयाचे, अशी कल्पना कोणाच्या डोक्यात असेल तर त्यापेक्षा अर्धा दिवस बरा. तिलाही घरी मुले आहेत.

येथे जोतीरावांची आठवण काढल्यावाचून राहवत नाही, कारण ते १८७६ पासून पुण्याच्या नगरपालिकेत सभासद होते आणि हाच प्रसंग त्यांच्यावर आला होता. लॉर्ड लिटनसाहेबांच्या स्वागताला हजार रुपये खर्चावे असा ठराव आला. सारे सभासद सरकारनियुक्त; साऱ्यांनी माना डोलावल्या. एकट्या जोतीरावांनी विरोध केला व तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावा म्हणाले. ठराव अर्थातच पास झाला. १८८२ साली हंटर आयोगापुढेही त्यांनी मांडले की, मोठ्या शहरांतील नगरपालिकांनी आपल्या हद्दीतील प्राथमिक शाळांचा सर्व खर्च सोसावा. हजार रुपये आणि सर्व खर्च यांत अंतर पुष्कळ होते. तरी त्यांनी आधी हजारावर बोट ठेवले.

‘लहान मूल आईजवळच शोभते’ असे एक गृहस्थ परवा म्हणाले. शोभते खरेच. त्यांच्या घरी सकाळी भांडी घासायला जी बाई येते, तिचे मूल त्या वेळी कोणाजवळ शोभत असते हे त्यांनी तिला एकदा विचारावे.

माझी मागणी लहान आहे. सगळ्या बालवाड्या एकदम पूर्ण दिवस करू नका. तेवढे बळ नाही, आणि घाईत ती कोंडवाडे होतील. झाडूवाल्यांची वस्ती आणि खळ्यांकडील वस्ती, या दोन ठिकाणी यंदा सुरू करा. सकाळी साडेपाचला दार उघडा; सातचा हट्ट मीही सोडते, कारण मागणी करताना आम्हीच झाडूवाल्यांना विसरलो होतो. पंचवीस मुलांमागे दोन बाया ठेवा, दुपारी वरणभात व दोन तास झोप द्या, आणि कृपा करून तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देऊन त्याच्याकडून ए-बी-सी गिरवून घेऊ नका. खेळू द्या. एका वर्षाने शाळेच्या हजेरीपटातील मधल्या सुट्टीनंतरची पाने उघडा आणि मोठ्या बहिणींच्या खुणा मोजा. फरक पडला नाही तर पुढल्या वर्षी बंद करा, मी तक्रार करणार नाही.

त्या माझ्या विद्यार्थिनीची मुलगी आता दुसरीत आहे आणि धाकटा बालवाडीत. मागल्या महिन्यात बाजारात ती भेटली तेव्हा मी विचारले, ‘एक वाजता त्याला घरी कोण आणतं गं?’ ती हसली आणि म्हणाली, ‘बाई, तुम्हाला माहीतच आहे.’

येत्या मंगळवारी नगरपालिकेची अंदाजपत्रकाची सभा आहे. दाराशी ही वही ठेवली आहे. जाताना जिने तिने लिहावे अथवा लिहवून घ्यावे : घरात सहा वर्षांखालील मुले किती, आपण कामावर किती वाजता जातो व किती वाजता परततो, आणि दुपारी एकनंतर मूल कोणाजवळ असते, तिचे वय काय, ती कोणत्या इयत्तेत आहे. मुलींची नावे लिहू नका, वय व इयत्ता पुरे. सोमवारी संध्याकाळपर्यंत वही माझ्याकडे पोचावी, म्हणजे बेरजा करून ठेवता येतील.